इंजिन-संगणकाच्या विजेचा लपंडाव

मोटारीतील कायमचा बिघाड मेकॅनिकला फारसा त्रास देत नाही, कारण तपासणी होईपर्यंत तो जागचा हलत नाही. खरी परीक्षा होते ती मधूनच उपटणाऱ्या आणि गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत नाहीशा होणाऱ्या बिघाडाशी गाठ पडते तेव्हा, आणि असा बिघाड इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या वीजपुरवठ्यातच असेल तर त्याचा माग काढणे विशेष जिकिरीचे होते. हा संगणक, ज्याला गॅरेजमध्ये 'ईसीएम' किंवा 'ईसीयू' म्हणतात, इतर बहुतेक दोषांची नोंद स्वतःच करून ठेवतो: एखादा सेन्सर निकामी झाला किंवा इंजेक्टरची तार तुटली, की त्या दोषाचा ठरलेला क्रमांक, म्हणजे फॉल्ट कोड, त्याच्या स्मृतीत जातो आणि स्कॅनर जोडताच वाचता येतो. परंतु ज्या क्षणी त्याची स्वतःचीच वीज जाते, त्या क्षणी नोंद करणाराच जागेवर नसतो. गाडी भर रस्त्यात बंद पडते, दोन मिनिटांनी जणू काही घडलेच नाही अशी चालू होते, स्कॅनरवर एकही कोड दिसत नाही, आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून ती मालकाच्या ताब्यात दिली जाते. वास्तविक या जातीच्या बिघाडात कोडचा अभाव हाच पहिला धागा असतो, आणि पुढची तपासणी संगणकाच्या जबानीवर न विसंबता त्याच्यापर्यंत येणाऱ्या तारा, रिले, अर्थिंग आणि गाडीतील इतर संगणक यांच्या आधारे करावी लागते.

कार्ब्युरेटरच्या गाडीला हा प्रश्न या रूपात माहीत नव्हता. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण तेथे यांत्रिक रीतीने होत असे आणि इंजिनाला विजेची गरज मुख्यतः ठिणगीपुरती असे, त्यामुळे कॉइलची तार निघाली की गाडी बंद आणि जोडली की चालू, इतका सरळ मामला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशाने राष्ट्रीय राजधानी परिसरातील खासगी मोटारींना आधी युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ निकष लागू झाले, व त्या सुमारास भारतीय मोटारींत कार्ब्युरेटरची जागा संगणक-नियंत्रित इंधन-फवारणीने, म्हणजे बोलण्यातल्या 'एमपीएफआय'ने, झपाट्याने घेतली. तेव्हापासून ठिणगी केव्हा पडावी, इंधन किती फवारावे, पंप केव्हा चालवावा हे सारे एका डब्याच्या हाती गेले.

त्या डब्याला मिळणारे 'बारा व्होल्ट' हा केवळ सोयीचा शब्दप्रयोग आहे. पूर्ण भारलेल्या, स्वस्थ बॅटरीच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. इंजिन चालू असताना अल्टरनेटर हा दाब साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत नेतो; आणि सेल्फ मारताना स्टार्टर मोटर शंभराहून अधिक अँपिअर ओढते तेव्हा तो दहाच्या आसपास, कडाक्याच्या थंडीत त्याहूनही खाली, उतरतो. संगणकाच्या आत बसवलेला रेग्युलेटर या हेलकाव्यांतून स्थिर पाच व्होल्ट तयार करतो, ज्यांवर त्याचा स्वतःचा सूक्ष्मनियंत्रक आणि गाडीतील अनेक सेन्सर चालतात. असे चढउतार सोसण्यासाठीच हे यंत्र घडवलेले असते, आणि 'आयएसओ १६७५०-२' या आंतरराष्ट्रीय मानकात दाब हळूहळू उतरणे, क्षणभर कोसळणे, सेल्फच्या वेळी बसणे अशा परिस्थितींच्या चाचण्याही सांगितल्या आहेत. मात्र बाहेरचा दाब इतका घसरला की रेग्युलेटरला पाच व्होल्ट राखता येत नाहीत, तर सूक्ष्मनियंत्रक चुकीचे गणित करत राहण्याऐवजी स्वतःला थांबवतो आणि पुरवठा सावरल्यावर पहिल्यापासून सुरू होतो. या क्रियेला 'ब्राउनआउट रीसेट' म्हणतात. अगदी अल्प खंड आतल्या कपॅसिटरच्या साठ्यावर निभावून जातो. त्याहून किंचित मोठा खंड चालकाला झटक्यासारखा जाणवतो, कारण पुन्हा जागा झालेल्या संगणकाला क्रँकशाफ्टची नेमकी स्थिती नव्याने ओळखल्याखेरीज इंधन आणि ठिणगी देता येत नाही. खंड आणखी लांबला तर इंजिन थांबते.

संगणकापर्यंत वीज एकाच वाटेने येत नाही, आणि निदानाची निम्मी किल्ली या वाटा वेगळ्या ओळखण्यात आहे. जर्मनीच्या 'डीआयएन ७२५५२' या मानकाने दिलेले क्रमांक आज जगभरच्या वायरिंग नकाशांवर आढळतात: ३० म्हणजे बॅटरीचा थेट, किल्ली काढली तरी चालू राहणारा पुरवठा, १५ म्हणजे किल्ली 'ऑन' केल्यावर मिळणारा पुरवठा, आणि ३१ म्हणजे परतीची वाट, अर्थात अर्थिंग. थेट पुरवठ्यावर संगणकाची स्मृती जिवंत राहते, तर किल्लीच्या तारेवरून त्याला जागे होण्याचा इशारा मिळतो. इंजेक्टर आणि कॉइल यांच्यासाठी लागणारा मोठा प्रवाह मात्र 'मेन रिले'मधून येतो, ज्यात एका लहान प्रवाहाने चुंबक बनणारी गुंडाळी मोठ्या प्रवाहाचे संपर्क जोडते. पुष्कळ गाड्यांत ही गुंडाळी संगणक स्वतःच अर्थ करून चालवतो, आणि किल्ली बंद केल्यावरही काही सेकंद रिले धरून ठेवून हाताशी आलेली माहिती जपून ठेवतो.

या वाटांपैकी कोणती दगा देते हे पाना हाती घेण्याआधीही बरेचसे कळू शकते, फक्त चालकाला नेमके विचारावे लागते. गाडी चालती असताना इंजिन बंद पडले तेव्हा आरपीएमचा काटा कसा खाली आला, हा त्यातला सर्वांत फलदायी प्रश्न होय: क्लच न दाबता गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना चाके इंजिनाला फिरवतच असतात, म्हणून केवळ इंधन तुटले असेल तर काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरतो, परंतु ज्या गाड्यांत काट्याला माहिती इंजिन-संगणकाकडून मिळते तेथे संगणकाचीच वीज गेल्यास इंजिन फिरत असूनही काटा एकदम शून्यावर आपटतो. (क्रँक सेन्सर निकामी झाल्यासही काटा असाच पडतो, पण त्या वेळी बहुधा कोड मागे राहतो.) किल्ली 'ऑन' केल्यावर 'चेक इंजिन'चा दिवा मुळीच लागला नाही, तर तो विझलेला दिवा गाडी निर्दोष असल्याचे सांगत नसून संगणक जागाच झाला नाही असे सांगत असतो, हा दिवा न लागणे शुभ मानणारे चालक कमी नाहीत.

दुसरा पुरावा इतर संगणकांकडे सापडतो. एबीएस, एअरबॅग, मीटर यांचे संगणक एकाच डेटा-वाहिनीवर इंजिन-संगणकाशी सतत बोलत असतात, आणि तो अचानक गप्प झाला की ते 'यू ०१००' हा, इंजिन-संगणकाशी संपर्क तुटल्याचा, कोड आपापल्या स्मृतीत नोंदवतात. म्हणून केवळ इंजिनाचे पान उघडून स्कॅनर बाजूला ठेवणे ही अर्धवट तपासणी ठरते. तिसरा पुरावा थोडा आडवळणाचा पण मोलाचा आहे. ओबीडी या स्वयंनिदान पद्धतीच्या गाड्यांत 'कोड पुसल्यापासून कापलेले अंतर' हा आकडा स्कॅनरवर पाहता येतो, तसेच उत्प्रेरक, ऑक्सिजन सेन्सर इत्यादींच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या की नाहीत तेही दिसते. कोणीही कोड पुसलेले नसताना हा आकडा अवघा दहा-बारा किलोमीटर दाखवत असेल आणि चाचण्या अपूर्ण असतील, तर संगणकाची स्मृतीच पुसली गेली आहे, म्हणजेच दोष थेट पुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये आहे, असा तर्क बांधता येतो. उलट गाडी बंद पडूनही हा आकडा शाबूत असेल तर संशय मेन रिले आणि किल्लीच्या बाजूकडे सरकतो. वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत हे आकडे ठेवणाऱ्या गाड्यांत मात्र या तर्काचा उपयोग होत नाही.

यानंतर मल्टिमीटर येतो, आणि बहुतेक चुकीची निदाने येथेच जन्म घेतात. ईसीएमचा कपलर काढून त्याच्या पुरवठ्याच्या पिनेवर मीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले आणि 'सप्लाय बरोबर आहे' असा निष्कर्ष काढला, ही पद्धत सर्रास दिसते व ती फसवी आहे. नळ बंद असताना गंजून चिंचोळ्या झालेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरा भरतो, नळ सोडल्यावरच खरा प्रकार कळतो, तसेच हे आहे. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारणतः १ कोटी ओहम असतो, त्यामुळे त्यातून वाहणारा प्रवाह अँपिअरच्या दशलक्षांशाच्या घरातला असतो. वाटेतल्या सडलेल्या जोडाचा रोध तब्बल १०,००० ओहम असला तरी त्या प्रवाहाने तेथे जेमतेम एक शतांश व्होल्ट खर्च होतो आणि मीटर निर्धास्तपणे पुरा दाब दाखवतो. अनेक धाग्यांच्या तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी हेच घडते. कपलर जोडलेला आणि इंजिन चालू असताना मात्र इंजेक्टर व कॉइलसह याच वाटेने दहा अँपिअर ओढले जात असतील, तर अवघ्या ०.१ ओहम रोधावर १ व्होल्ट आणि अर्ध्या ओहमवर ५ व्होल्ट गळतात.

म्हणून मोजायचा असतो तो 'व्होल्टेज ड्रॉप', म्हणजे प्रवाह वाहत असताना वाटेच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक. मीटरची एक दांडी बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी संगणकाच्या पुरवठ्याच्या पिनेवर ठेवली, इंजिन, हेडलाइट, एसी, पंखा सारे चालू केले, की मीटरवर दिसणारा आकडा हा त्या वाटेवर वाया गेलेला दाब असतो. तो दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर वाट तुकड्यातुकड्याने तपासत जाऊन तो आकडा कोणत्या जोडावर उडी घेतो ते पाहावे लागते. अर्थिंगच्या बाजूने, बॅटरीच्या ऋण टोकापासून संगणकाच्या अर्थ-पिनेपर्यंत, निकष आणखी कडक, सुमारे ०.१ व्होल्टचा, मानतात. कपलर काढूनच तपासणे भाग असेल तर मीटरऐवजी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्या तारेवर लावावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, आणि मीटरला फसवणारा जोड या बल्बसमोर उघडा पडून बल्ब मिणमिणतो. या तपासणीत पिनेच्या तोंडात मीटरची जाड दांडी कोंबणे टाळावे, कारण त्याने मादी-टर्मिनल पसरते व आधी नसलेला लूज कॉन्टॅक्ट तपासणाऱ्याच्या हातूनच तयार होतो. कपलरच्या मागच्या बाजूने, तारेच्या कडेने, बारीक सुई सरकवणे हा सुरक्षित मार्ग होय.

अर्थिंगचा दोष विशेष लबाड असतो, कारण तो संगणकाला बंद न पाडता खोटे बोलायला लावतो. सेन्सरचे प्रत्येक मोजमाप अर्थच्या तुलनेत होते, आणि अर्थच शून्यावरून वर उचलला गेला की पाणी, हवा, थ्रॉटल यांचे असंबद्ध वाटणारे कोड एकाच वेळी उगवतात आणि निरपराध सेन्सर एकामागून एक बदलले जातात. डेंटिंग-पेंटिंगनंतर अर्थच्या थिंबलखाली राहून गेलेला रंगाचा थर, किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत बोल्टवर चढलेला गंज, पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणाऱ्या उंदरांनी कुरतडलेली वेणी, ही त्याची आपल्याकडची नेहमीची कारणे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड अर्थ-पट्टीच तुटली असेल तर स्टार्टरचा प्रवाह मिळेल त्या धातूतून परततो आणि क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल तापलेली आढळते.

रिलेचा बिघाड किती सूक्ष्म असू शकतो याचे उत्तम उदाहरण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंतच्या होंडाच्या सिव्हिक आणि अकॉर्ड या मोटारींत मिळते, आणि अमेरिकेतील मेकॅनिकांच्या पिढीला ते तोंडपाठ आहे. या गाड्यांत डॅशबोर्डखाली, चालकाच्या बाजूला, एकाच डबीत दोन रिले असत: पहिला किल्ली 'ऑन' होताच संगणकाला आणि इंजेक्टरांना वीज देई, आणि दुसरा संगणकाच्या आज्ञेवरून पेट्रोल-पंप चालवी. तक्रार ठरावीक असे. उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी चालू होत नसे, आणि काचा उघडून थोडा वेळ थांबले की निमूटपणे चालू होई. गॅरेजच्या सावलीत तर ती कधीच अडत नसे. कारण त्या डबीच्या आत, रिलेच्या पिना छापील पाटीला जेथे झाळलेल्या असतात, तेथे दडलेले होते. झाळ, पिनेचा धातू आणि पाटी हे तिन्ही पदार्थ उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने पिनेभोवतीच्या झाळीला तडा जातो. भिंगाखाली तो पिनेला वेढणाऱ्या, केसाएवढ्या बारीक करड्या कड्यासारखा दिसतो. थंड असताना तड्याच्या दोन्ही कडा टेकलेल्या असल्याने वीज वाहते. ऊन लागले की त्या किंचित अलग होतात आणि प्रवाह तुटतो.

त्याची परीक्षाही रिलेच्या रचनेतूनच निघते. या गाड्यांत किल्ली 'ऑन' केल्यावर 'चेक इंजिन'चा दिवा दोन सेकंद लागून विझतो आणि तेवढाच वेळ मागून पंपाची गुणगुण ऐकू येते. गाडी अडलेली असताना दिवाच लागला नाही तर पहिल्या रिलेच्या वाटेवर संशय घ्यावा; दिवा लागला पण पंप गप्प राहिला तर दुसऱ्याच्या. डबी उघडून जुनी झाळ काढली आणि नवी नीट भरली की पुष्कळदा दुरुस्ती तेवढ्यावर भागे. महागडा संगणक आणि पेट्रोल-पंप बदलूनही न सुटलेला प्रश्न थोड्याशा झाळीने सुटावा, यात या विषयाचे सगळे मर्म आले आहे. मेन रिलेच्या जागी साधा चार पिनांचा रिले खुपसण्याआधी मात्र मूळ रिलेत गुंडाळीला समांतर डायोड किंवा रोधक आहे का ते पाहिले पाहिजे, कारण गुंडाळी बंद होताना उसळणारा उच्च दाब तोच जिरवतो.

किल्लीचा स्विच ही या वाटेवरची आणखी एक कमकुवत जागा, आणि तिचे सर्वांत गंभीर प्रकरण जनरल मोटर्सचे. शेवरले कोबाल्ट आणि तिच्या भावंडांतील स्विच ठरलेल्यापेक्षा कमी जोराने फिरत असे. जड जुडग्याच्या ओढीने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत 'ऑन'वरून मागे सरके, इंजिन बंद होई, पॉवर स्टिअरिंग जाई आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसत. चालत्या गाडीचे असे बंद पडणे कंपनीत बराच काळ ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न म्हणून हाताळले गेले, सुरक्षिततेचा म्हणून नव्हे. २००६ मध्ये स्विचमधील खिट्टी लांब करून दोष गुपचूप सुधारला गेला, पण सुट्या भागाचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे जुन्या आणि नव्या स्विचमधला फरक कागदावर शोधणाऱ्यांना तो सापडणे अशक्य झाले. एका खटल्यात वादीतर्फे नेमलेल्या अभियंत्याने दोन्ही स्विच उघडून शेजारी ठेवले तेव्हा तो उघड झाला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि भरपाई निधीने या दोषाशी निगडित १२४ मृत्यू मान्य केले.

भारतीय गॅरेजांत यापेक्षा घरगुती कारणे अधिक भेटतात: बाहेरून बसवलेल्या अँटी-थेफ्ट अलार्मने पुरवठ्याची तार कापून मध्ये घातलेला स्वस्त रिले, सीएनजी किट जोडताना पिळून टेप गुंडाळलेले सांधे, म्युझिक सिस्टिमसाठी भलत्याच तारेवरून घेतलेले कनेक्शन. वायरिंगमध्ये हात घातलेली गाडी असेल तर मूळ नकाशा उघडण्याआधी हे सांधे पाहणे शहाणपणाचे. जुन्या मेकॅनिकांची एक सवय येथे आवर्जून निषिद्ध मानली पाहिजे: अल्टरनेटर चार्ज करतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढणे. भाराखाली असलेल्या अल्टरनेटरपासून बॅटरी अशी तोडली तर दाब क्षणभर शंभर व्होल्टच्या आसपास उसळू शकतो, आणि मग तपासायला संगणकच उरत नाही.

दोष समोर हजर नसेल तर त्याला बोलवावे लागते. इंजिन चालू ठेवून वायरिंगची वेणी हातभर-हातभर हलवणे, रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकणे, हीट गनने संशयित डबी तापवणे, पाण्याचा बारीक फवारा मारणे, या कृती धसमुसळ्या दिसल्या तरी दोष ज्या परिस्थितीत उपटतो तीच त्या नियंत्रितपणे उभी करतात. साधा मीटर सेकंदाला तीन-चारदाच आकडा बदलतो, म्हणून काही मिलिसेकंदांचा खंड त्याच्या नजरेतून निसटतो. किमान-कमाल नोंदवणारा मीटर बरा, आणि थेट पुरवठा, मेन रिलेचा पुरवठा व अर्थ या तिन्ही वाटा एकदम काळाच्या अक्षावर टिपणारा ऑसिलोस्कोप सर्वांत भरवशाचा. स्कोप नसेल तर मेन रिलेच्या निर्गमावर आणि थेट पुरवठ्यावर एकेक लहान बल्ब जोडून ते डॅशबोर्डवर चालकाच्या नजरेसमोर ठेवता येतात. गाडी झटका खाते त्या क्षणी कोणता बल्ब लवतो, एवढे कळले तरी तपासाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

संगणक बदलणे हा सर्वांत शेवटचा उपाय ठेवण्यामागे किमतीखेरीज आणि किल्लीच्या इमोबिलायझरशी त्याची सांकेतिक जुळणी नव्याने करावी लागते याखेरीज आणखी एक कारण आहे. कथिलाचा मुलामा दिलेल्या पिना कंपनांनी आणि तापमानाच्या फरकाने कपलरमध्ये अतिसूक्ष्म अंतर मागेपुढे घासत राहतात, झिजलेल्या कथिलाचे ऑक्साइड संपर्कबिंदूवर साचते आणि रोध वाढतो. या प्रक्रियेला 'फ्रेटिंग' म्हणतात. संगणक बदलताना कपलर निघतो आणि पुन्हा बसतो, त्या घर्षणात पिना तात्पुरत्या स्वच्छ होतात आणि गाडी सुधारते. श्रेय अर्थातच नव्या संगणकाला मिळते, आणि काही आठवड्यांनी तक्रार परतते तेव्हा नवा संगणकही सदोष ठरवला जातो. ही गफलत टाळण्यासाठी सुधारलेल्या गाडीत जुना संगणक पुन्हा जोडून पाहण्याची पद्धत आहे: त्यानेही गाडी तितकीच नीट चालली तर पैसे खर्च करायचे ते कपलरच्या नव्या टर्मिनलांवर, ज्यांची किंमत संगणकापुढे नगण्य असते.